अण्णा, सगळ्यांसमोर सांगते

ती. अण्णांना,
सा. न.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय. आपल्या भोसरीत ठेक्यावर राबणाऱ्या बायाबापड्यांच्या कानावर तरी जाईल.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस आमची पॅकिंगची लाईन बंद झाली. एकेकीला आत बोलावून पुढ्यात छापील राजीनामा ठेवत होते. "सही करा, हिशोब लगेच." माझा नंबर यायच्या आधी तुम्हाला फोन लागला, हे माझं नशीब. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरी, सही करू नको. राजीनामा म्हणजे तू आपणहून सोडलंस. कामावरून कमी केलं असं लेखी माग." मागितलं. चिडचीड झाली, पण कागद मिळाला. त्या कागदामुळे नोटिशीचा महिन्याचा पगार आणि भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार पदरात पडला. ज्यांनी सही केली त्या अजून खेटे घालतायत.

पण माझा जीव अडकला होता ह्यांच्या डायलिसिसमध्ये. पगार २१ हजारांच्या आतला, त्यामुळे सगळे उपचार ईएसआयवर, म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणाऱ्या कामगार विम्यावर. सुपरवायझर म्हणाला, काम गेलं, कार्ड बंद. त्या रात्री मी मंगळसूत्र विकलं तर किती महिने निघतील हेच मोजत बसले होते. सकाळी तुम्ही चष्मा पुसत आलात, पगाराच्या स्लिपा मागितल्यात आणि कॅलेंडरच्या पाठीमागे मांडून दाखवलंत: ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर उपचार, एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षी जानेवारी ते जून. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की झालं. माझे एप्रिलपासूनचे पाच महिने भरले होते. म्हणजे काम ऑगस्टमध्ये गेलं तरी कार्ड ३० जून २०२५ पर्यंत चालणार! तुम्ही 'जून' खाली दोन रेघा मारल्यात. मी तिथेच रडले आणि तुम्ही नेहमीसारखं दुसरीकडे बघितलंत.

हे सांगायला कंपनीत पगारी माणसं होती, अण्णा. एकानेही तोंड उघडलं नाही.

काम गेलेल्यांना ईएसआयकडून पैसे देणाऱ्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं नावही मी ऐकलं नव्हतं. तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे पैसे मिळत होते, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही जन्मात एकदाच. तीस दिवस उलटल्यावर तुम्ही मला घेऊन ईएसआयच्या शाखेत गेलात. आधार, पासबुक, तो लेखी कागद, सगळं तुमच्या त्या जुन्या रेक्झिनच्या पिशवीत. पैसे यायला वेळ लागला, पण थेट खात्यात आले आणि किराणा त्यावर निघाला.

आता खोलीचं. काम गेल्याचं कळताच मालकाने खोली सोडायला सांगितली, वर पाणीही तोडलं. कधी करारनामा केलेला नाही, म्हणून मी गप्प होते. तुम्ही मात्र त्याच्याकडे जाऊन, आवाज न चढवता बोललात. करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर आहे. नोंदलेला करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. पाणी तोडायची तर परवानगीच नाही. तो बघतच राहिला. नंतर तुम्हीच मधला मार्ग काढलात: दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं, काम लागलं की डिपॉझिट पुन्हा पूर्ण करायचं. संध्याकाळी नळाला पाणी आलं. मालकाशीही आता बोलणं आहे, दिवाळीला फराळ दिला मी.

जूनच्या आत काही जमलं नाही तर सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड काढून ठेव, असंही बजावलं होतंत. ती वेळ आली नाही. चाकणला काम लागलं. बस लांबची आहे, पण वर्गणी पुन्हा सुरू झाली आणि ह्यांची डायलिसिसची एकही पाळी चुकली नाही.

डिपॉझिट या महिन्यात पूर्ण होतंय. आणि तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येणार आहे. सुट्टी टाकली, रिक्षा सांगितली, तुमच्या सूनबाईंनाही कळवलंय. तेव्हा "कशाला उगाच" म्हणायचं नाही.

तुमची,
तिसऱ्या खोलीतली पोरगी