ज्येष्ठ नागरिक वसाहतीतील आपत्कालीन व्यवस्थेबाबत कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, बंगळूर

विषय : आपल्या बेळगाव येथील ज्येष्ठ नागरिक वसाहतीत गेल्या जुलैमध्ये आपत्कालीन व्यवस्था कोलमडल्याबाबत व त्यावर आपण दिलेल्या उत्तराबाबत.

महोदय,

आपल्या बेळगाव प्रकल्पात बी विंगमध्ये मी व माझी पत्नी राहतो. माझे वय ७४. उद्यमबागेतील एका फौंड्रीतून मी मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. हे सांगण्याचे कारण एवढेच, की जनरेटर आणि लिफ्टविषयी पुढे जे लिहिले आहे ते ऐकीव नाही.

जुलैमधल्या त्या रात्री दीडच्या सुमारास लाइट गेली. कणकुंबी-खानापूरकडून पाऊस चढला की बेळगावात लाइट जाते, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता, तो झाला नाही. आमच्या वरच्या मजल्यावरील वहिनींना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारे विजेवरचे यंत्र, लागतो, तो बंद पडला. त्यांच्या यजमानांनी पलंगाजवळची लाल बेल दाबली. ती वाजली नाही, कारण बेलची लाइन मेनवरच आहे आणि तिला बॅटरी दिलेलीच नाही. यजमान ८१ वर्षांचे. अंधारात चाचपडत बाल्कनीत येऊन त्यांनी हाका मारल्या. माझी पत्नी जागी होती म्हणून त्या आम्हाला ऐकू आल्या. ती झोपलेली असती तर पुढचे काही मला लिहिता आले नसते.

वहिनींकडे जोडीला ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, तो लावला. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका आली आणि वेळेत आली, परंतु पुढच्या गेटसमोरचा रस्ता बळ्ळारी नाल्याच्या पाण्याखाली होता. चालकाने मागच्या उंच रस्त्याने यायची तयारी दाखवली. मागच्या गेटला कुलूप होते आणि किल्ली मॅनेजरकडे. मॅनेजर शहरात घरी आणि त्यांचा फोन बंद. वॉचमन एकटाच होता. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाला जिना उतरता येत नाही, याची त्याला काहीच कल्पना नव्हती. तो कामाला लागून थोडेच दिवस झाले होते, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तरी त्याच मुलाने आणि स्वयंपाकघरात झोपणाऱ्या दोघांनी मिळून वहिनींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणले आणि कुलूप दगडाने फोडले. त्या तिघांचे आपण आभार मानल्याचे माझ्या ऐकिवात नाही. फोडलेल्या कुलपाबद्दल वॉचमनला मेमो मात्र मिळाला. तो मेमो मागे घ्यावा, ही माझी पहिली मागणी आहे.

वहिनी वाचल्या. इस्पितळातून घरी आल्या आहेत, पण आता रात्री पंखा जरा मंदावला तरी उठून बसतात.

त्या रात्री मी जनरेटरच्या खोलीत गेलो होतो. पॅनेल ऑटोवर होते, टाकीत डिझेल होते, पण सेल्फ मारला की नुसता टक् असा आवाज येत होता. बॅटरी उतरलेली, टर्मिनलवर पांढरा थर साचलेला. एका रहिवाशाची गाडी जवळ आणून तिच्या बॅटरीवरून केबल जोडली, तेव्हा इंजिन लागले. तोवर रुग्णवाहिका निघून गेली होती. भिंतीला अडकवलेल्या लॉगबुकात मात्र दर सोमवारी 'टेस्ट ओके' अशी नोंद आहे, आणि महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात. त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. जनरेटर वेळेवर न लागण्याचे सर्वांत नेहमीचे कारण उतरलेली बॅटरी हेच असते. ती तपासायला पाच मिनिटे लागतात आणि बदलायला एका घराच्या एका महिन्याच्या सेवाशुल्काइतकाही खर्च येत नाही. शिवाय इंजिन नुसते रिकामे फिरवणे ही टेस्ट नव्हे. मेन पाडून, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे जनरेटरवर घेऊन, अर्धा तास चालवल्याशिवाय तो प्रसंगाला उभा राहील की नाही हे कळत नाही. फौंड्रीत आम्ही भट्टीसाठी एवढी काळजी घेत होतो. इथे माणसे आहेत.

या सगळ्यावर मी ईमेल केला. आपल्या कार्यालयाचे उत्तर असे, की हा 'इंडिपेंडंट लिव्हिंग' प्रकल्प आहे, येथील रहिवासी स्वतंत्रपणे राहतात, रुग्णसेवा व वैयक्तिक सुरक्षितता ही कंपनीची जबाबदारी नाही.

महोदय, हे उत्तर मला मान्य नाही. आम्ही स्वतंत्र राहतो म्हणजे आमचा स्वयंपाक, येणे-जाणे, औषधपाणी आमचे आम्ही बघतो. त्यासाठी आपल्याकडे कोणी काही मागितलेले नाही. पण वहिनींच्या यजमानांनी फ्लॅटमध्ये स्वतःचा इन्व्हर्टर बसवायची परवानगी मागितली होती. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॉट घेतो, साधा घरगुती इन्व्हर्टर त्याला काही तास आरामात चालवतो. 'प्रकल्पात शंभर टक्के पॉवर बॅकअप असल्याने खासगी इन्व्हर्टरला परवानगी नाही' असे आपण लेखी कळवलेत. मागच्या गेटची एक किल्ली रहिवाशांकडे असावी, ही विनंती सुरक्षिततेचे कारण देऊन नाकारलीत. जनरेटरची खोली आम्हाला बंद आहे. त्या रात्री ती उघडी राहिली होती म्हणून मी आत जाऊ शकलो. स्वतःची सोय करण्याचा प्रत्येक मार्ग आपण नियम करून आपल्या हातात घेतलात आणि बिलात दरमहा 'आपत्कालीन सेवा' अशी वेगळी ओळ लावून तिचे पैसेही घेता. मग प्रसंग आल्यावर आम्ही स्वतंत्र कसे ठरतो? ज्या गोष्टी आपण आम्हाला करू देत नाही, त्या चालू ठेवणे आपल्यावर आहे.

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्ती निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती राज्यांना मार्गदर्शक आहेत, हे मी जाणतो. पण पॉवर बॅकअप, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न घसरणाऱ्या फरश्या, गॅसगळती कळवणारी यंत्रणा यांचा त्यात विचार आहे, आणि आपल्या माहितीपुस्तिकेत याच गोष्टी रंगीत चित्रांसह छापल्या आहेत. छापून विकले ते द्यावे लागते. लिफ्टसाठी तर कर्नाटकात २०१२ चा स्वतंत्र कायदाच आहे. आमच्या लिफ्टचा परवाना आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल मला पाहायला मिळावा. लाइट गेल्यावर जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडणारे यंत्र लिफ्टला असते. आमच्या लिफ्टला ते आहे का आणि चालते का, हे मॅनेजरना सांगता आले नाही. जिन्यातल्या आगविझवणीच्या सिलिंडरांची तारीखही उलटून गेली आहे, तीही पाहावी.

आता पावसाळ्याविषयी. बंगळूरहून कदाचित हे दिसत नसेल. आमच्यापैकी बहुतेकांची मुले पुण्या-मुंबईकडे आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी आले आणि कोल्हापूर-बेळगाव महामार्ग बंद पडला. अशा वेळी पुण्याचा मुलगा रात्रीतून गाडी काढून येतो म्हटले तरी येऊ शकत नाही. खेड्यांतून येणाऱ्या कामाच्या मावशी येत नाहीत, दूध येत नाही, औषधाचे पार्सल अडकते. आपल्या फॉर्मवर 'आपत्कालीन संपर्क' म्हणून प्रत्येकाने मुलाचा नंबर दिला आहे, आणि आपली सगळी योजना त्या नंबरवर फोन करण्यापाशी संपते. पाण्यापलीकडे अडकलेला मुलगा फोनवर रडण्याखेरीज काय करणार? पावसाळ्यापुरता तरी स्थानिक संपर्क, पुरेसे डिझेल, पिण्याचे पाणी आणि रात्रपाळीला दोन माणसे हवीत.

नोटिशीचाही विषय आहे. लिफ्टजवळ लावलेला आपत्कालीन सूचनांचा फलक फक्त इंग्रजीत आहे, तोही बारीक अक्षरात. इथे राहणारे बरेचसे मराठी आहेत, काही कन्नड, काही कोकणी. वॉचमन आणि मावशींना इंग्रजी येत नाही. तो फलक कन्नडात आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा. यात भाषेचा वाद कोणी काढू नये. घाबरलेल्या माणसाला एका नजरेत वाचता आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मला जे हवे ते असे. जनरेटरची लोडवर साप्ताहिक चाचणी व्हावी आणि तिच्या नोंदीवर दर वेळी एका रहिवाशाची सही असावी. बेलना बॅटरी द्यावी आणि रात्री बेल कोणाकडे वाजते, हे प्रत्येक घराला लेखी कळवावे. मागच्या गेटची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये राहावी. जिना उतरता न येणाऱ्या, ऑक्सिजन किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रहिवाशांची यादी त्यांच्या संमतीने तयार करून बंद पाकिटात गेटवर ठेवावी. ती भिंतीवर लावू नये, आजार हा नोटीस बोर्डाचा विषय नव्हे. माणसाला जिन्यावरून उतरवायची खुर्ची प्रत्येक विंगमध्ये असावी आणि ती वापरायचा सराव वर्षातून दोनदा व्हावा, त्यातला एक रात्रीचा. आणि जोवर हे होत नाही तोवर इन्व्हर्टरवरची बंदी तरी उठवावी. वहिनींसाठी ती आजच उठवावी.

शेवटी कराराविषयी. 'कोणत्याही कारणाने झालेल्या इजेस कंपनी जबाबदार राहणार नाही' आणि 'सर्व वाद केवळ बंगळूर येथे' अशी दोन कलमे त्यात आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते, त्यासाठी मला बंगळूरला यावे लागणार नाही. तक्रार करणाऱ्यांना 'आपणांस येथे समाधान नसल्यास डिपॉझिट नियमानुसार वजावट करून परत मिळेल' असे मॅनेजर तोंडी सांगतात. त्यामुळे इथले कित्येक जण गप्प बसतात, कारण या वयात पुन्हा घर शोधायला जाण्याची हिंमत कोणात उरलेली नाही. तक्रार केल्याबद्दल कोणाही रहिवाशाला जायला सांगितले जाणार नाही, हे आपण लेखी द्यावे.

या पत्राचे उत्तर मॅनेजरमार्फत नको, आपल्या सहीचे हवे, आणि पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हवे. न आल्यास मी बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार दाखल करीन. वहिनींच्या यजमानांनीही त्यावर सही करायचे ठरवले आहे.

आपला,
(सही)
सदनिकाधारक, बी विंग
बेळगाव

सोबत : लॉगबुकाच्या पानाचा फोटो, इन्व्हर्टरची परवानगी नाकारल्याचे आपले पत्र, सेवाशुल्काचे बिल, आपल्या ईमेल उत्तराची प्रत.