खुब्याचं ऑपरेशन झालेल्या लेकरांसाठी आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

खुबा मोडणं म्हणजे म्हातारपणाचं दुखणं, असंच आपण धरून चालतो. मुलांच्या अस्थिभंगांत त्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. पण गच्चीवरून पडलं, गाडीची जोरात धडक बसली, की लेकराचाही खुबा मोडतो.

आम्ही मंडळाचे कार्यकर्ते अशा घरांना भेटायला गेलो की पहिला प्रश्न येतो, "हाड जोडायला स्क्रू चांगला का प्लेट?" जास्त पैशाचं ते चांगलं, हा हिशेब इथं चालत नाही. मोड कुठं आहे आणि मूल केवढं आहे, यावर डॉक्टर ठरवतात. मांडीच्या हाडाच्या मानेत मोड असेल तर बहुधा पोकळ स्क्रू. मूल अगदी लहान असेल तर गुळगुळीत तारा, कारण हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि आट्यांचा स्क्रू तिच्यातून गेला तर वाढ खुंटू शकते. वर कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर. मोड मानेच्या बुडाशी असेल तर प्लेटची पकड भक्कम, मान वाकून पाय आखूड पडायची भीती कमी. मात्र चिरा मोठा घ्यावा लागतो.

काहीही बसवा, एक धास्ती उरतेच. पडतानाच खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटला असेल तर गोळा हळूहळू झिजतो, आणि ते कधी कधी वर्ष-दोन वर्षांनी कळतं. म्हणून पोर पळायला लागलं तरी एक्स-रेच्या तारखा चुकवायच्या नसतात. नेमक्या त्याच चुकतात. आईनं दिवसभर दवाखान्यात बसायचं तर हजार विड्यांची मजुरी बुडते, बाप यंत्रमागावर कामाला.

ऑपरेशनला सरकारी योजनेचा आधार मिळू शकतो, कागदपत्रांसाठी आमचे कार्यकर्ते सोबत येतील. पुढच्या दोन वर्षांच्या तपासण्या चुकू नयेत म्हणून मात्र आपली वर्गणी हवी. १०० रुपयेही चालतील.

प्लॅस्टरमधलं मूल रिक्षात बसू शकत नाही, त्याला आडवंच न्यावं लागतं. ओम्नी किंवा छोटा टेम्पो असलेल्यांनी महिन्यातून एक फेरी द्यावी. कारखानदारांनी सेकंडचे, म्हणजे विणकामात किरकोळ खोट राहिलेले, टॉवेल द्यावेत. प्लॅस्टरच्या कडेला आणि अंगाखाली ते रोज लागतात. वॉकर, कुबड्या मुलांच्या मापाच्याच आणा, मोठ्यांच्या आमच्या माळ्यावर ढिगानं पडून आहेत.

मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ७ ते ९ कुणीतरी असतं. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते