डबा बदलू नका

डोंबिवली,
श्रावण शुद्ध अष्टमी

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणे झाले तेव्हा छकुली माझ्या मांडीवर रडत होती, त्यामुळे आई, तुझ्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. "अजून ते डब्याचेच दूध का? शेजारची गाय व्यायली आहे, तुम्ही आलात की तेच पाणी घालून देऊ," असे तू म्हणालीस. बाबा, तुम्हीही औषधाच्या दुकानात चौकशी करून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नसलेल्या पावडरीचे नाव लिहून ठेवले आहे. गणपतीला आपले घर माणसांनी भरलेले असेल आणि त्या गडबडीत हा विषय उभ्या उभ्या बोलून संपणार नाही, म्हणून आत्ताच सविस्तर लिहितो आहे. माझे मागणे एवढेच आहे, की छकुलीला सध्या जो डबा चालू आहे, तो तिच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणीही बदलू नये.

बाळंतपणात हिचे रक्त फार गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तसे झाले की अंगावर दूध उतरायला उशीर लागतो आणि पुढेही ते पुरेसे पडेलच असे नसते. स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या बाई चार वेळा घरी येऊन गेल्या, बाळ कसे धरायचे आणि दूध कसे काढायचे ते त्यांनी शिकवले, आणि हिने टाके दुखत असतानाही रात्री दर दोन तासांनी उठून सगळे केले. आजही छकुली प्रत्येक वेळी आधी अंगावरच पिते. त्यानंतर भूक उरली तरच आम्ही वरचे दूध देतो.

पाचव्या आठवड्यात त्रास सुरू झाला. दूध पिऊन झाले की ती पाय पोटाशी ओढून घेई, चेहरा लाल होई, आणि संध्याकाळी सात वाजता सुरू झालेले रडणे दहा वाजेपर्यंत थांबत नसे. दिवसातून चार-पाच वेळा ती गुळणी टाके, आणि शी हिरवट व घट्ट होऊ लागली. मी घाबरलो. पहिला डबा साध्या पावडरीचा होता. दुकानदाराने "पचत नसेल" म्हणून लॅक्टोज नसलेला डबा दिला, तो आठ दिवस दिला. मग एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून प्रथिने थोडी तोडून हलकी केलेली पावडर आणली. वीस दिवसांत तीन डबे झाले. प्रत्येक नव्या डब्यानंतर दोन दिवस बरे वाटायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तेव्हा तिच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला समोर बसवून अर्धा तास दिला. त्यांनी डब्याचे नाव सगळ्यात शेवटी विचारले. आधी वजन पाहिले. जन्मतः दोन किलो नऊशे ग्रॅम असलेली मुलगी नीट वाढत होती. मग दिवसात किती लंगोट ओले होतात ते विचारले. ते सहा-सातच्या वर होते. शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखे काही आहे का, अंगावर चट्टे आहेत का, ओकताना उलटी लांब उडते का, हेही विचारले. तसे काहीच नव्हते. शेवटी त्यांनी मला तिथेच बाटली तयार करून दाखवायला सांगितली, आणि मी चमचा शिगोशीग भरून, वर बोटाने दाबून पावडर घालतो हे त्यांच्या लक्षात आले. दूध दाट झाल्याने लेकराला जास्त पोषण मिळेल, असे मला मनापासून वाटत होते. प्रत्यक्षात त्या दाटपणामुळेच शी घट्ट होत होती आणि पोटावर भार पडत होता. बाटलीच्या बुचाचे भोकही तिच्या वयाच्या मानाने मोठे होते. दूध भराभर येई, ती घटाघट गिळे आणि दुधाबरोबर हवाही गिळे.

डॉक्टरांनी पहिलाच साधा डबा परत सुरू करायला सांगितला. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, बारीक भोकाचे बूच लावायचे, तिला जवळजवळ बसते धरून पाजायचे, मध्येच दोनदा ढेकर काढायचा आणि पाजल्यावर वीस-पंचवीस मिनिटे खांद्यावर उभे धरायचे. दहा दिवसांत शी मऊ झाली. संध्याकाळचे रडणे एकदम गेले नाही, पण तेही निवळत चालले आहे. ते रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते, असे डॉक्टर म्हणाले. गुळणी टाकणे मात्र चौथ्या महिन्यापर्यंत वाढूही शकते आणि बहुतेक मुलांचे वर्षाच्या आत थांबते. तेव्हा गणपतीत ती कोणाच्या तरी नव्या साडीवर गुळणी टाकेलच. ती हसतमुख असेल, पीत असेल आणि वजन वाढत असेल तर ती गुळणी म्हणजे आजार नव्हे.

बाबा, आता तुमच्या लॅक्टोजबद्दल. ही साखर आईच्या दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे सात ग्रॅम असते, गाईच्या दुधात पाचच्याही आत. म्हणजे छकुलीला हिच्या अंगावरचे दूध पचते आहे, तर गाईच्या दुधाहूनही जास्त लॅक्टोजचे दूध तिला पचते आहे. मग पावडरीतल्या लॅक्टोजनेच तिचे पोट कसे बिघडेल? ही साखर जन्मापासूनच न पचणारी मुले अत्यंत विरळा असतात. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतर आतड्याचे अस्तर दुखावते आणि काही दिवस लॅक्टोज पचत नाही, हे खरे आहे. तेव्हा डॉक्टर थोड्या काळापुरता तो डबा लिहून देतात. आपल्याकडे तसे काही घडलेले नाही.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी असणे ही याहून वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. तीत शीमध्ये रक्त दिसते, अंगावर इसब उठतो, वारंवार उलट्या होतात, वजन अडते. त्या मुलांसाठी प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली पावडर असते, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. मी आणलेला "हलका" डबा त्यातला नव्हता. त्यात प्रथिने अर्धवटच तोडलेली असतात, त्यामुळे ॲलर्जी असलेल्या मुलाला तो चालत नाही आणि ॲलर्जी नसलेल्या आपल्या मुलीला त्याची गरज नाही. मामी शेळीच्या दुधाचे सुचवत होत्या, तेही सांगून टाकतो: शेळीच्या आणि गाईच्या दुधातली प्रथिने इतकी सारखी असतात, की एकाची ॲलर्जी असलेल्या मुलांना बहुधा दुसऱ्याचीही होते. सोयाबीनची पावडर सहा महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत. दूध पोटात टिकावे म्हणून तांदळाचा स्टार्च घालून दाट केलेला डबाही मिळतो, पण तो ओकण्यामुळे वजन घटणाऱ्या मुलांसाठी असतो.

आई, गाईचे दूध तू आम्हा दोघांना पाणी घालून दिलेस आणि आम्ही वाढलो, हे मी विसरलेलो नाही. त्या वेळी घरात जे उत्तम होते ते तू दिलेस. पण गाईचे दूध वासरासाठी असते. त्यात प्रथिने आईच्या दुधाच्या तिप्पट असतात आणि त्यांतला सुमारे ऐंशी टक्के भाग केसिन नावाच्या प्रथिनाचा असल्याने पोटात घट्ट साका होतो. क्षारही जास्त असल्यामुळे कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण येतो. लोह जवळजवळ नसते, आणि काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही होतो. पाणी घातले की प्रथिने आणि क्षार कमी होतात, पण त्याबरोबर स्निग्धांश आणि ऊर्जाही पातळ होते आणि लोह काही येत नाही. वर्ष पूर्ण झाल्यावर तिला शेजारच्या गाईचे दूध तुझ्याच हातून पाजू. डब्यातली पावडरही मुळात गाईच्या किंवा म्हशीच्याच दुधाची असते. फक्त त्यातली प्रथिने आणि क्षार बाळाला झेपतील इतके उतरवलेले असतात आणि लोह, जीवनसत्त्वे, तेले घातलेली असतात. बाबांना ही परदेशी वस्तू वाटते म्हणून सांगतो, की म्हशीच्या दुधापासून बालकांचे अन्न कसे करायचे याची पद्धत आपल्याच म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने बसवली आणि अमूलने ती प्रत्यक्षात आणली.

गुटीबद्दलही बोलायला हवे. तू सहाण, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सगळे जपून ठेवले आहेस, हे मला माहीत आहे, आणि नाही म्हणताना मला फार जड जाते. पण मधाचे बोटही नको. मधात एका जंतूची बीजे असू शकतात, ती मोठ्यांना काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि त्याने स्नायू लुळे पडतात. गुटी, ग्राइप वॉटर, वावडिंगाचे पाणी, साधे पाणीसुद्धा सहा महिने नको. मालीश मात्र हवे. पोटावरून गोल हात फिरवून पाय सायकलसारखे हलवायचे, ते तुझ्या हातांना जमेल तसे आम्हाला जमत नाही, आणि त्याने तिला मोकळे वाटते.

दुसरी एक गोष्ट मनात ठेवून होतो. डब्यावर बाळाचे चित्र का नाही आणि डॉक्टर नमुन्याचा डबा फुकट का देत नाहीत, असे बाबांनी विचारले होते. १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बालदुधाची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यावर आई-बाळाचे चित्र यांना बंदी आहे, आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असते हे वाक्य प्रत्येक डब्यावर ठळक छापावेच लागते. कायदा योग्यच आहे. जाहिरातींच्या मोहाने किती आयांनी अंगावरचे दूध सोडले असते. पण रात्री तीन वाजता डबा उघडताना ते वाक्य हिच्या नजरेस पडते आणि तिचे डोळे भरून येतात, हे मी पाहिले आहे. गणपतीला येणारी प्रत्येक बाई हिला "अंगावर येत नाही का?" असे विचारील. आई, ते प्रश्न तू तुझ्याकडे वळवून घे, एवढी माझी विनंती आहे. तू "माझी सून सगळे नीट करते आहे" एवढे म्हटलेस तरी पुरे होईल.

आता घरच्या तयारीचे. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती कोमट पाण्यात कालवायची नाही. विहिरीचे पाणी खळखळून उकळायचे, ते सत्तर अंशांच्या खाली जाण्यापूर्वीच बाटलीत मोजून घ्यायचे आणि मग पावडर घालायची; आमच्या डब्यावर तीस मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण दिले आहे. नंतर बाटली थंड पाण्यात धरून कोमट करायची आणि मनगटावर थेंब टाकून पाहायची. साखर नाही, बिस्किट नाही. केलेले दूध दोन तासांत वापरायचे आणि बाटलीत उरलेले टाकून द्यायचे. आई, तुला दूध टाकणे जिवावर येईल, पण उरलेल्या दुधात जंतू फार वेगाने वाढतात. तिचे वजन आता चार किलो सातशे आहे आणि किलोला दीडशे मिलिलिटर या हिशेबाने अंगावरचे धरून दिवसाला सातशेच्या आसपास पुरते. रडली की बाटली, असे करायचे नाही. बाटली मी, ही किंवा तुम्ही दोघेच तयार करू, म्हणजे प्रमाण चुकणार नाही. दोन बंद डबे मी इथूनच आणतो.

आणि हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दर वेळी लांब उडणारी उलटी, ताप, किंवा लंगोट कोरडे राहणे, यांतले काहीही दिसले तर आरती चालू असली तरी थांबायचे नाही. गाडी काढून सरळ कुडाळला बालरोगतज्ज्ञांकडे जायचे. बाबा, त्यांचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तिकिटे झाली आहेत. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी कुडाळला उतरू, आणि नेमकी तीच तिची दूध पिण्याची वेळ असेल. तेव्हा बाबा, स्टेशनवर येताना निळा थर्मास आतून उकळत्या पाण्याने विसळून, नव्याने उकळलेले पाणी काठोकाठ भरून घेऊन या.

तुमचा,
दादा