कडी पाठवतो आहे

जालना
8 एप्रिल 2026

चि. सलोमी हिस,
सलाम.

नावाआधी खोडलेलं दिसेल. हात सवयीनं ‘सौ.’ लिहून गेला, मग थांबला. तुला ते हवं का नको, मला कळेना. शाई पसरली, पण कागद बदलला नाही. आधीचे तीन फाडलेत, आता हाच जाऊ दे.

आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय. चटणी दोन पिशव्यांत बांधलीय, तरी खोकं सरळ धर. तळाशी पेपरात गुंडाळलेली कडी आहे. तिचं आधी सांगतो आणि विषय सोडतो. मागच्या रविवारी आई तुझ्याशी व्हिडिओवर बोलत होती तेव्हा मी मागं उभा होतो. तुझ्या खोलीचं दार दिसलं. फ्लशचं दार आहे, बरं आहे. पण कडी पत्र्यागत पातळ, आणि स्क्रूंची डोकी इतकी बारीक की ते अर्ध्या इंचाच्या वर नसणार. असली कडी एका धक्क्यात चौकटीतून सुटते. मी चाळीस वर्षं दारं बसवली, मला दारावरून माणसाची झोप कळते. असो. कडीचं संपलं.

फेब्रुवारीत तू कागदपत्रं न्यायला आलीस. पेटीतून मार्कमेमो आणि नर्सिंगचं रजिस्ट्रेशन काढलंस आणि जाताना आजीचा चांदीचा क्रूस गळ्यातून काढून आरशाजवळच्या खिळ्याला अडकवलास. म्हणालीस, ‘हा तुमचा वधस्तंभ. तुम्हीच वाहा.’ त्यावर मी जे बोललो ते इथं परत लिहीत नाही, तुझ्या लक्षात असेलच. पण नाताळच्या रात्रीचं लिहितो, कारण सगळं तिथून आहे. तू शेवटच्या एसटीनं आलीस. स्वेटरची बाही बोटांपर्यंत ओढलेली. आईनं ती वर सारली. मी बघितलं. बघून म्हणालो, ‘प्रत्येकाला आपापला वधस्तंभ असतो बाई, उचलावा आणि चालावं.’ सकाळी तुला स्टँडवर मीच सोडलं. तिकिटाचे पैसेही मीच दिले.

हे वाक्य माझं नाही. आजोबांच्या तोंडचं आहे. आत्याच्या वेळी ते असंच बोलले, तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, शेजारी बसून मान हलवत होतो. आत्याचं तुला ठाऊक आहे.

यंदा देवळातल्या जुन्या क्रूसाला वाळवी लागली. मंडळीनं उत्तम शुक्रवारासाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी, नवा करायला सांगितला. सागवान परवडेना, म्हणून बाभळीचा केला. सहा फुटांचा उभा, साडेतीनचा आडवा, जाडी तीन इंच. तू असतीस तर दुसरं टोक धरलं असतंस, काचकागद मारत बसली असतीस. दोन्ही लाकडांना दीड-दीड इंचाची खाच घेतली, म्हणजे एक दुसऱ्यात बसतं आणि वरून सपाट राहतं. बाभूळ पटाशीला दाद देत नाही. दोनदा धार लावली. खाच घेता घेता मनात आलं, त्या दिवशी यरुशलेमेतही कुणीतरी सुतार असणार. त्याला सांगितलं असेल, उद्या तीन लागतील. त्यानं मोजमाप घेतलं असेल, मजुरी घेतली असेल, घरी जाऊन जेवला असेल. कुणासाठी करतोय हे विचारायची आपल्या धंद्यात रीत नाही.

पाळकसाहेबांनी दुःखसप्ताहात गुरुवारी संध्याकाळी अभ्यास घेतला. एरवी मी पेंगतो. त्या दिवशी जागा होतो. ते म्हणाले, रोमी लोकांत वधस्तंभावर खिळण्याची शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना. रोमी नागरिकाला सहसा देत नसत. इ.स.पू. 71 मध्ये गुलामांचं एक बंड मोडलं, तेव्हा पकडलेल्या सहा हजार जणांना कापुआपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेनं टांगलं. आपल्या इकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कडुलिंबाची झाडं असतात, तशी माणसं. मुद्दाम रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. बघा आणि मान खाली घाला, मालकापुढं तोंड वर काढू नका. म्हणून ख्रिस्ती लोकांनीसुद्धा पहिली तीनेकशे वर्षं ही खूण उघड मिरवली नाही, मासा काढायचे, नांगर काढायचे, जहाजाचा नांगर. बोलताना आपण क्रूस म्हणतो आणि गळ्यातला आठवतो. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, शब्द वधस्तंभ आहे, त्यात वध आहे, तो कानाला बोचतो. बोचायलाच पाहिजे.

तिथं बसल्या बसल्या माझे हात गार पडले. रोमी लोक त्या लाकडाचा जो उपयोग करत होते, तोच मी नाताळच्या रात्री केला. मान खाली घाल, म्हणालो. वचनाचं नाव घेऊन म्हणालो.

घरी येऊन लूकचा नववा अध्याय काढला. तेविसावं वचन मला लहानपणापासून पाठ आहे, पण पाठ असलेलं माणूस वाचत नाही. येशू म्हणतो, ज्याला माझ्यामागं यायचंय त्यानं आपला वधस्तंभ उचलून घ्यावा. त्यानं स्वतः उचलावा असं म्हणतो. बापानं लेकीच्या डोक्यावर ठेवावा, असं कुठंही नाही. आणि तो कशासाठी? त्याच्या मागं जाण्यासाठी. नवऱ्याच्या हातचा मार म्हणजे त्याच्या मागं जाणं, हे आपल्यात कुणी आणि कधी ठरवलं?

मग मार्कचा पंधरावा काढला. शिमोन कुरेनेकर शेतावरून येत होता, त्याला शिपायांनी पकडून क्रूस वाहायला लावला. मराठी शास्त्रात तिथं शब्द आहे, ‘वेठीस धरले’. वेठ हा शब्द आपल्या घरात जुना आहे. निजामाच्या राज्यात तुझ्या खापरपणज्यानं गावच्या पाटलाची वेठ केली. घोड्याला चारा टाकायचा, निरोप घेऊन उन्हात दहा कोस पळायचं, आणि बदल्यात शिळी भाकर, तीही दुरून टाकलेली. नारायण शेषाद्री, ज्यांनी 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांनी जालन्याशेजारी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हा तो बायकापोरं घेऊन तिथं आला. आजोबा सांगायचे, बाप्तिस्म्याचा अर्थ त्याला फार कळला नव्हता. इथं वेठ नाही, एवढं कळलं होतं. तेवढ्यासाठी त्यानं गाव सोडलं, भावकी सोडली. आणि त्याच्या पणतवानं आपल्या लेकीला वेठीला जुंपून एसटीत बसवलं.

तू म्हणशील, आता मला प्रवचन देऊ नका. खरं आहे, द्यायला लागलो. माझी ही खोड आई रोज काढते. रोज म्हणजे, आता ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलते. ‘जेवायचं का’, ‘पाणी आलंय’, एवढंच. पाणी आठ दिवसांनी येतं, म्हणजे बोलणं किती ते तूच मोज.

तरी एक लिहितोच, मग पुरे. योहानात आहे, प्रमुख याजकासमोर शिपायानं येशूला चापट मारली. त्यानं दुसरा गाल पुढं केला नाही. त्यानं विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरं बोललो असेन तर मला का मारतोस? त्याआधी नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात दगड उचलले तेव्हाही निघून गेला. मरणाकडं गेला तो शेवटी, आपली वेळ आल्यावर, आपल्या मनानं. माझा जीव कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन देतो, असं तोच म्हणाला. जानेवारीत तू त्या घरातून निघून पुण्याला गेलीस तेव्हा मी मंडळीत म्हणालो, पोरगी पळाली. ते शब्द मी परत घेतो. मंडळीतही घेईन. अजून घेतले नाहीत, धीर झाला नाही, पण घेईन.

शुक्रवारी, 3 तारखेला, क्रूस हातगाड्यावर घालून देवळात नेला. कोपऱ्यापासून आत नेताना म्हटलं, आपण केलाय, आपण उचलू. वीस पावलांवर टेकवावा लागला. पोरांनी धावून हात दिला. खांद्यावर अजून काळंनिळं आहे. आईला दाखवलं नाही. तुला का सांगतोय कोण जाणे. किवेसाठी नाही.

बारा ते तीनच्या उपासनेत येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार झाले. तू सात-आठ वर्षांची असताना पाचव्या उद्गाराला माझ्या कानात विचारलं होतंस, ‘पप्पा, खिळे कशानं काढले?’ मला हसू आलं होतं. सुताराची पोर. सगळं देऊळ खिळे ठोकण्यावर रडत होतं आणि तुझं लक्ष काढण्यावर. मी म्हणालो, पकडीनं काढले असतील. तू म्हणालीस, कुणी? मी म्हणालो, अरिमथाईचा योसेफ म्हणून एक होता, सभेतला मोठा माणूस. तो धीर करून पिलाताकडं गेला आणि त्यानं देह मागितला. तू म्हणालीस, मग तो आधी का नाही गेला?

यंदा बरोबर तिथंच मला ते आठवलं आणि मी उठून बाहेर गेलो. लोकांना वाटलं उन्हाचा त्रास झाला. सलो, उतरवून आणायचं काम माझं होतं. मी घरी बसून वचन सांगितलं.

वकिलाकडं जाऊन आलो. तुला न विचारता गेलो, रागावू नको, नुसती माहिती काढली. ते म्हणाले, आपल्या लोकांचा घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात पूर्वी बाईला नुसता छळ सांगून सुटका मिळत नव्हती, छळासोबत नवऱ्याचा व्यभिचारही शाबित करावा लागे. 2001 मध्ये तो बदलला, आता छळ एवढं कारण पुरतं. आत्याच्या वेळी हे नव्हतं. मी ऐकत होतो आणि डोळ्यापुढं तिचं ते हिरवं लुगडं होतं, बाकी काही दिसेना. शिवाय घटस्फोट न मागताही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. तू काय करावंस ते मी सांगत नाही. तुझं तू ठरव. फक्त नवरा खाली गेटपाशी आला तर बोलायला एकटी उतरू नको, आणि 112 लावायला लाजू नको, आणि रात्रपाळीहून आलीस की आधी दार लाव, मग चप्पल काढ. बघ, कडीचं बोलणार नाही म्हणालो होतो.

तुला आयसीयूत कामाला घेतलं म्हणून आईकडून कळलं. मी तिघांना सांगितलं. चौथ्याला सांगायला निघालो तर त्यानं विचारलं, जावई काय करतात? मग परत आलो.

एक भीती अजून आहे, तीही लिहून टाकतो. तू क्रूस काढलास याचं मला वाईट वाटलं, पण तुझी श्रद्धा गेली का, हे विचारायची माझी हिंमत नाही. गेली असेल तर ती घालवण्यात माझा हात आहे. पौल लिहितो की वधस्तंभाची गोष्ट काहींना मूर्खपणा वाटते. मूर्खपणा वाटला तर वाटू दे, पण तुला ती माझ्या आवाजात ऐकू येत असेल तर मला राहवत नाही. मला एवढंच कळलंय की त्या शुक्रवारी देव मारणाऱ्याच्या बाजूला उभा नव्हता. मार खाणाऱ्याच्या जागी होता. याहून जास्त अर्थ विचारायचा तर पाळकसाहेबांना विचार. मी लाकडातला माणूस.

आजीचा क्रूस पाठवत नाही. खिळ्यावर आहे तिथं आहे. आई धूळ पुसताना त्याला वळसा घालून पुसते.

आता कडी. मालकाला विचारून बसव. जुनी काढलीस की तिच्या भोकांत काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोक, रात्रभर वाळू दे, मग नवी भोकं घे. चौकटीच्या बाजूला दोन इंची स्क्रू, दाराच्या बाजूला एक इंची. उलटं करू नको, दाराला दोन इंची लावलेस तर टोकं पलीकडं निघतील. लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर तुझाच आहे, तू लपवायचीस तो. वर्कशॉपमध्ये मोठ्या पेटीमागं सापडला.

सगळे स्क्रू मोजून घातलेत, एक जास्तीचा आहे.

तुझा,
पप्पा

ता. क. स्क्रू मध्येच अडला तर जोर करू नको. काढ, टोकाला अंगाचा साबण लाव, परत फिरव.