स्वतःची सीट खाली करणाऱ्या काकांना

काका, तुमचा नंबर घ्यायचा राहिला आणि नावही गडबडीत अर्धवटच ऐकलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, इंदूर काही एवढं मोठं नाही, कुणीतरी दाखवेलच तुम्हाला. महूच्या पुढे, पातालपानीच्या वाटेवर चहाच्या टपरीवर धापा टाकत बसलेली, दुसऱ्याकडून मागून आणलेल्या जड सायकलवाली बाई, ती मी. माझी सायकल आली हो! परवाच आली.

तुम्ही भेटायच्या आधी तीन महिने मी दुकानं झिजवत होते. नाव कुणाचं घेत नाही, पण एका शोरूममध्ये प्रश्न मी विचारतेय आणि तो पोरगा उत्तरं देतोय ह्यांना. "सर, मॅडम के लिए आगे शॉकर वाली ले लो, आराम रहेगा." ह्यांना सायकलमधलं घंटीपलीकडे काही कळत नाही, ते बिचारे नुसते मान हलवतायत. दुसऱ्या ठिकाणी तर पाच फूट दोन इंचाच्या मला एल साइज गळ्यात मारत होते, का तर स्टॉकमध्ये तीच होती. म्हणे सीट नीचे कर देंगे. अरे भिया, सीट खाली होईल पण हँडलपर्यंत पोचायला माझे हात कोण लांब करणार?

आणि तुम्ही. तुम्ही बजेट विचारलंच नाही, आधी विचारलंत की चालवणार कुठे. मी म्हटलं सिमरोल, चोरल, जमलं तर जानापाव, मुरुमाचे कच्चे रस्ते आणि थोडं डांबर. मग शॉकरचे दीड-दोन किलो चढावर कशाला ओढायचे, म्हणालात, कार्बनचा साधा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, अर्ध्या किलोच्या आसपास येतो. मी म्हटलं हात दुखतील ना, तर तुम्ही तुमच्या टायरवर माझा अंगठा ठेवून दाबायला लावलात. पंचेचाळीस एमएमचा ट्यूबलेस, हवा तीस पीएसआयच्या आसपास. "हाच शॉकर." तो मऊपणा अंगठ्याला कळला तेव्हा मला सगळं कळलं. शोरूमवाल्यांनी साठ भरून दिली होती, दात वाजायचे.

पण आभार मानायचेत ते ह्यासाठी नाही. माहिती काय, कुठेही मिळते.

तुम्ही खिशातून निळी टेप काढलीत, तुमच्या सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, तुमच्या उंचीची खूण म्हणून एक पट्टी गुंडाळलीत, आणि सीट माझ्यासाठी खाली केलीत. स्वतःची, कार्बनची, नऊ किलोची सायकल, अनोळखी बाईला. सायकलवाले सीटची उंची मिलिमीटरने जपतात हे मला आता कळतंय, तेव्हा नव्हतं कळलं. वर म्हणालात, "चिखलात घाला, त्याशिवाय समजायचं नाही."

घातली. जुलैतली आपली मालव्याची काळी माती, चपलेला लागली की किलोभर वजन वाढवते, तिने तर भल्याभल्या चाकांना फोर्कमध्ये जाम केलंय. तुमचं चाक फिरत राहिलं, टायर आणि फोर्कच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा होती. म्हणून मी नंतर प्रत्येक दुकानात आधी तिथे बोट घालून बघायचे, लोक बघत राहायचे माझ्याकडे. आणि हो, लहान फ्रेममध्ये वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला घासतं का तेही बघायला तुम्हीच सांगितलंत, एक सायकल तेवढ्यावरून सोडली, दिसायला काय सुंदर होती!

परत आले तेव्हा सायकल ओळखू येत नव्हती, मी ओशाळले होते, तुम्ही हसून टपरीवाल्याकडून पाण्याचा डबा मागितलात. माझे बाबा असेच होते, रामबागेतल्या वाड्यात आमचा सायकलचा पंप कधी घरी नसायचाच, सगळ्या गल्लीत फिरायचा. आई चिडायची. मला वाटायचं तसली माणसं संपली आता.

एक सांगायचंय. तुमची पाच नंबरची ॲलन की, तो सहा कोनांचा छोटा पाना, माझ्या पर्समध्येच राहिलीये, घरी येऊन बघते तर किल्ल्यांच्या जुडग्यात. दोन रविवार त्या टपरीवर येऊन गेले, तुम्ही नव्हतात. ह्या रविवारी साडेसहाला परत येतेय, घरचे पोहे डब्यात आणते, वरून घालायचा जिरावण मसाला वेगळा.