भाडं बुडालं की विमा मिळतो म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'घर भाड्याने द्या, निर्धास्त झोपा' हा लेख वाचला. लेखकमहाशयांची झोप अशीच गाढ राहो. फक्त त्यांनी स्वतःची एखादी खोली तरी कधी भाड्यानं दिलीय का, एवढं विचारायचं होतं. कारण 'भाडेकरूने भाडे थकवले तरी चिंता नको, गृहविम्यातून भाड्याच्या नुकसानीची भरपाई मिळते' हे वाक्य ज्यानं लिहिलं, त्यानं पॉलिसीचा कागद उलगडून बघितलेला दिसत नाही.

मी बघितलाय. कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला आमचा तळमजल्यावर फ्लॅट आहे. २०१९ ला पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरलं, २०२१ ला परत शिरलं. दुसऱ्यांदा चिखल उपसून झाल्यावर मुलगा म्हणाला, आई, आता विमा काढायचाच. म्हणून भारत गृह रक्षा काढली. नावावरून सरकारी योजना वाटते, पण तसं नाही. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना विकायला लावलेली ही एकाच नमुन्याची पॉलिसी आहे. पुरासाठी चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. आग, पूर, भूकंप, दंगल सगळं त्यात येतं. रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर, जागेची किंमत धरत नाहीत. (आमच्या शेजाऱ्यांना हे अजून पटलेलं नाही. फ्लॅट चाळीस लाखांचा आणि विमा पंधराचाच कसा, म्हणून ते अजून भांडतात.) आतल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. सामान म्हणजे मालकाचं, भाडेकरूचा टीव्ही त्यात नाही.

आता भाड्याचं. ते पॉलिसीत आहे, खोटं नाही. पण आगीनं किंवा पुरानं घर राहण्याजोगं उरलं नाही आणि त्यापायी भाडं बुडालं, तरच. घर धडधाकट आहे, आत माणूस पंखा लावून बसलाय आणि भाडं देत नाही, त्याच्याशी विमा कंपनीला काही देणंघेणं नाही. एवढी एक ओळ लेखात टाकायला कितीशी जागा लागली असती? शेजारी अर्धं पान तर सोफ्याच्या सेलच्या जाहिरातीनं भरलेलं होतं.

आमचा भाडेकरू म्हणजे चांगल्या घरातला वाटणारा मुलगा, गोकुळ शिरगावला कंपनीत कामाला, नवीन लग्न झालेलं. एजंटानं आणला. भाडं नऊ हजार, अनामत तीस. करार रीतसर ऑनलाइन नोंदवला, पोलिसांत भाडेकरूची माहिती दिली, सगळे कागद जागच्या जागी. पहिलं वर्ष एक तारखेला पैसे जमा. दुसऱ्या वर्षी दहा तारीख, मग वीस, मग 'काकू, पगार लांबलाय'. करार संपला तेव्हा तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. मी म्हटलं, बाबा, पैशाचं बघू नंतर, आधी घर मोकळं कर. त्यावर त्यानं मोबाइल पुढं केला आणि आपल्यासारख्याच एका वर्तमानपत्रातली बातमी दाखवली. 'काकू, नवीन कायद्यात दोनच महिन्यांची अनामत घ्यायची आहे. तुम्ही जादा घेतलीय, ती आधी भाड्यात वळती करा.'

ही दोन महिन्यांची बातमी आपल्याही लेखात आहे, ठळक अक्षरांत. अहो, तो केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा, जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेला नमुना. राज्यानं स्वतःचा कायदा केला तर तो लागू. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा चालतो. पण छापील बातमी ती छापील बातमी, माझ्या भाडेकरूला तेवढी पुरली.

पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी पाणी दिलं, बसवलं, करार वाचला आणि म्हणाले, 'मॅटर सिव्हिल आहे, मावशी.' सोसायटीतल्या एकानं सल्ला दिला, मेन स्विच काढून टाका, दोन दिवसांत पळतोय बघा. वकीलसाहेबांनी कानाला हात लावले. भाडेकरूचं वीजपाणी तोडणं हा त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा, भाडं राहिलं बाजूला आणि उलटी केस आपल्यावरच व्हायची. मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. लेखात हे कलम आहे आणि त्यात चूक काही नाही. मुदत संपून घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्यानं भरपाई, आणि लेखी करारात जे लिहिलंय तोच पक्का पुरावा. कागदावर वाचताना मलाही बरं वाटलं होतं. महिन्याला अठरा हजार म्हणजे काय थोडे झाले!

मधल्या काळात घरफाळा मी भरतेय, लाइट बिलाची थकबाकी माझ्या नावावर चढतेय आणि हा गडी संध्याकाळी मला बघून 'काकू, जेवलात का?' विचारतोय.

तो गेला ललितापंचमीला. अख्खं गाव टेंबलाईच्या जत्रेला गेलेलं, त्यानं दारात टेम्पो लावला. मला कळलं दुसऱ्या दिवशी, वॉचमननं किल्ली आणून दिली तेव्हा. आत जाऊन बघते तर गिझर काढून नेलेला आणि उघड्या वायरींना दवाखान्यातली पांढरी पट्टी गुंडाळलेली, तेवढी काळजी घेतली होती बिचाऱ्यानं. किचनच्या ट्रॉल्या गेल्या, चिमणी गेली, दोन पंखे गेले. बेसिनचा नळ नेताना खाली बादली ठेवायचंही सुचलं नाही, हॉलपर्यंत पाणी. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दांडीसुद्धा स्क्रू काढून नेली. ती दांडी आमच्या ह्यांनी स्वतः बसवली होती, त्याची भरपाई मी मागतही नाही.

विमा कंपनीत गेले. तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला, 'काकू, आपल्या पॉलिसीत चोरीचं आहे, पण आग-पूर असं काही घडलं तर त्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीचं.' म्हणजे भाडेकरूनं पंचगंगेला पाणी यायची वाट बघून मग गिझर काढायला हवा होता! मी विचारलं, मग चोरीची वेगळी पॉलिसी काढली असती तर? 'तीत कडीकुलूप तोडून आत आल्याची खूण लागते. ह्यांना किल्ली तर तुम्हीच दिलेली.'

आता सांगा, निर्धास्त कशी झोपू? पुराचा विमा मिळतो, आणि पूर निदान सांगून तरी येतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण रोज पहिल्या पानावर छापता, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, माणूस गाद्या वर चढवतो. भाडेकरूची पातळी कुठं बघायची? दुप्पट भरपाईचं वकीलसाहेब म्हणतात, आधी त्याचा पत्ता शोधा. आधारवरच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, ती परत आली.

लेखातल्या चौकटीबद्दलही बोलायलाच हवं, कारण ती वाचून कुणाचं तरी वाटोळं होणार आहे. 'अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पवर नोटरी करून घ्या म्हणजे झाले.' नाही झालं! त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी पाहिजे आणि नोंदणीकृत पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदणी करून घेणं मालकाच्या अंगावर आहे. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. नऊ हजार ठरले होते की चार, तोच सांगणार. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरात नोंदणीचे हजार रुपये, एवढ्यासाठी लोक नोटरीच्या टेबलाकडं पळतात आणि आपण त्यांना वाट दाखवता.

आणि 'बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो' ही पुडी अजून किती वर्षं सोडणार? मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा मालकाविरुद्धचा ताबा होत नाही, तो बारा वर्षं राहो नाहीतर चोवीस. असल्या भीतीनं आमच्या गल्लीतली दोन घरं कुलपात पडून आहेत आणि युनिव्हर्सिटीतली पोरं खोल्या शोधत फिरताहेत.

विषय निघालाच आहे तर सोसायट्यांबद्दलही एखादा लेख येऊ द्या. आमच्या चेअरमनसाहेबांनी फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून मेंटेनन्सवर महिना हजार रुपये जादा लावलेत. ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि सेवाशुल्कात पालिकेचे कर धरायचे नाहीत. आदेशाची झेरॉक्स त्यांना दिली. त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, 'मीटिंगमध्ये घेऊ.' भाडेकरू गेला, घर रिकामं आहे, तरी हजार चालूच.

मागच्या खेपेला माझं कचरागाडीचं पत्र आपण निम्मं कापून छापलंत. या वेळी कात्री लावायचीच असेल तर दांडीचं वाक्य गाळा, कलम ५५ चं ठेवा. आणि भाडेकरूनं थकवलेलं भाडं भरून देणारी पॉलिसी लेखकमहाशयांनी नेमकी कुठल्या कंपनीची बघितली, तेवढं नाव पुढच्या रविवारी छापा. पहिला हप्ता भरायला मी सोमवारी सकाळी दारात हजर आहे.

कळावे,
एक घरमालकीण,
मंगळवार पेठ, कोल्हापूर