परवाना म्हणजे बंदी नव्हे

महोदय,

आपल्या अंकात ‘ब्रिटनमध्ये शिकारीवर गदा’ अशा मथळ्याची बातमी वाचली. मी वेल्सच्या पोविस भागात राहते. मथळा वाचून हसूच आलं, कारण इथे पक्ष्यांच्या शिकारीला कुणी हात लावलेला नाही. शिकारीसाठी पाळलेले फेजंट (कोंबडीच्या जातीचे, लांब शेपटीचे पक्षी) आणि लाल पायांचे तितर कुणी, कुठे, किती रानात सोडले याला काही नियम, परवाना असावा, एवढीच मागणी आहे.

ऑगस्ट सरता सरता रात्रपाळी संपवून घरी निघाले की अरुंद रस्त्यावर फेजंटची पिल्लं घोळक्यानं उभी असतात. शेपटी अजून धड फुटलेली नसते. हॉर्न वाजवला तर बाजूला व्हायचं सोडून गाडीच्याच पुढे धावत सुटतात. जाळीच्या आवारात आयतं धान्य खाऊन वाढलेली; त्यांना गाडी काय आणि कोल्हा काय! १ ऑक्टोबरला हंगाम उघडतो आणि हाकारे झेंडे फडकावत त्यांना बंदुकांच्या दिशेनं उडवू लागतात. १ फेब्रुवारीपर्यंत हे चालतं.

गंमत कायद्याची आहे. जाळीच्या आत हा पक्षी पाळीव, त्याला मालक असतो. दार उघडून सोडला की तो वन्य! मग तो कुणाच्या शेतात शिरो की गाडीवर आदळो, विचारायचं कुणाला? माझ्या परसात तीन कोंबड्या आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद लागते, ती मी मुकाट्यानं केली. मोकळे सोडलेले फेजंट मात्र नेमके किती, ते कुणालाच माहीत नाही. ब्रिटनभरात वर्षाला ३ कोटी १५ लाख असा एक अंदाज आहे, ४ कोटी ७० लाख असा दुसरा. दीड कोटी पक्षी इकडचे तिकडे!

गेमकीपर, म्हणजे शिकारीचे पक्षी वाढवून रान राखणाऱ्या मंडळींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शिकारीमुळेच इथली कित्येक झाडोऱ्याची रानं आणि कुंपणाची झुडपं टिकली आहेत. हिवाळ्यात टाकलेलं धान्य लहान पक्षीही टिपतात आणि खेड्यात चार माणसांना काम मिळतं. पण एकाच आवारात पक्ष्यांची दाटी झाली की विष्ठेनं माती बदलते, रानफुलं तुडवली जातात आणि खाजकुयलीसारखी नेटल माजते.

इंग्लंडमध्ये ‘वाइल्ड जस्टिस’ या वन्यजीवांसाठी लढणाऱ्या संस्थेनं २०१९मध्ये हा प्रश्न कायदेशीर लढाईपर्यंत नेला. २०२१पासून तिथल्या युरोपीय दर्जाच्या संरक्षित क्षेत्रांत आणि भोवतीच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात हे पक्षी सोडायला परवान्याच्या अटी लागू झाल्या. शिकार बंद पडली का? नाही. वेल्समध्ये २०२३ साली ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ या सरकारी पर्यावरण संस्थेनं लोकांची मतं मागवली. बहुतेक ठिकाणी सरसकट परवाना, फक्त संवेदनशील जागी वेगळा अर्ज, असा साधा प्रस्ताव होता. तरीही ओरड झाली आणि सरकारनं तो बाजूला ठेवला.

माझ्या मते परवान्याची खरी गरज नेकीनं वागणाऱ्या गेमकीपरलाच आहे. बेताचे पक्षी सोडणारा आणि रान भरून टाकणारा, दोघांनाही आज लोक एकाच नावानं शिव्या घालतात. पहिल्याकडे दाखवायला कागदच नाही.

– एक वाचक, पोविस (वेल्स)